तीन महिने खाऱ्या पाण्यात: ड्रमवरच्या धोक्याच्या लेबलाचा माझा अनुभव

हा अभिप्राय एका स्टिकरबद्दल आहे. दहा बाय दहा सेंटिमीटरचा, टोकावर उभा केलेला चौकोन. वरचा अर्धा पांढरा, खालचा काळा. वरच्या भागात दोन परीक्षानळ्या तिरप्या झालेल्या. एकीतला द्रव हातावर पडतोय, दुसरीतला धातूवर, आणि दोन्ही खाल्ले जातायत. खालच्या कोपऱ्यात 8 हा आकडा, म्हणजे धोकादायक मालाच्या नऊ वर्गांतला आठवा, झिजवणाऱ्या मालाचा. फॉस्फोरिक ॲसिड, फॉर्मिक ॲसिड, कॉस्टिक लाय अशा मालाच्या ड्रमवर हा लागतो. यार्डात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, नुसतं 'आठ नंबर' म्हणतात.

मी न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, हॅझ (धोकादायक) मालाचं पॅकिंग आणि लॅशिंग (कंटेनरमधली बांधणी) करून देणाऱ्या कंत्राटदाराकडे अकरा वर्षं आहे. आधी टायपिंग करायचे. आता लेबलं, डिक्लरेशनचे कागद आणि स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरण्याच्या, आधीची तपासणी माझ्याकडे असते. कंटेनरचं दार बंद होण्याआधी आतला शेवटचा ड्रम बहुतेक वेळा मी पाहिलेला असतो.

या लेबलांचा रोल आम्ही दोन वर्षांपासून तुर्भ्याच्या एका छापखान्याकडून घेतो. नाव देत नाही, कारण तोच छापखाना दिसायला अगदी सारखा पण हलका रोलही विकतो. नाव वाचून कुणी तो हलका मागवला तर माझ्या लिहिण्याचा उपयोग उलटा होईल. नेमकं काय मागायचं ते खाली लिहिलंय. भारी रोल आम्हाला नगाला साडेआठ रुपये पडतो, हलका सव्वातीन, आणि साध्या क्रोमो कागदाचं लेबल दीड रुपया. ऐंशी ड्रमच्या कंटेनरला हा फरक चारशे ते साडेपाचशे रुपयांचा. एवढ्यावरूनसुद्धा शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची, माणसं वाद घालतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "मॅडम, ड्रम कंटेनरमध्ये बंद, कंटेनर जहाजावर. स्टिकर बघायला येणार कोण?"

कोण येतं ते सांगते.

आम्ही करंजाचे कोळी. बाबांची डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची, होडी, आणि डोल लावायची जागा धरमतर खाडीच्या तोंडाशी, पलीकडे रेवस दिसतं तिथे. जानेवारी 2016 मध्ये एका पहाटे डोल उचलताना बोंबील-जवळ्याबरोबर एक निळा कॅन वर आला. वीस-पंचवीस लिटरचा, बूच घट्ट, आत काहीतरी हलत होतं. असा कॅन कोळ्याच्या घरी टाकून देत नाहीत. धुतला की डिझेल भरायला होतो. धक्क्यावर आल्यावर बाबांनी बूच फिरवलं. आत दाब धरलेला होता. फसकन आवाज आला आणि उजव्या हातावर उडालं. दादाने त्यांना ओढत नळाखाली नेलं, तेवढं त्याला सुचलं म्हणून हात वाचला.

उरणच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "काय होतं त्यात?" बाबा म्हणाले, "निळा कॅन होता." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. बाबांकडे दुसरं उत्तरच नव्हतं. झोंबणारा वास होता, पाण्यासारखं दिसत होतं, एवढंच. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं. त्या दोन बोटांना आजही गरम-गार कळत नाही. जाळं विणताना सुई त्या बोटांत टोचते, तरी त्यांना रक्त दिसल्यावरच समजतं.

संध्याकाळी मी धक्क्यावर जाऊन तो कॅन पाहिला. कॅनवर लेबल होतं. टोकावर उभा चौकोन, चारही कोपरे घट्ट चिकटलेले. आणि पूर्ण पांढरा. चित्र नाही, आकडा नाही, यूएन नंबर (प्रत्येक धोकादायक मालाचा ठरलेला चार आकडी क्रमांक) नाही. नोकरीला लागून मला वर्ष झालं होतं, म्हणून तेवढं कळलं, की हे लेबल आहे आणि याने बोलायला हवं होतं.

जहाजावरच्या धोकादायक मालासाठी जगभर जो आयएमडीजी कोड चालतो, त्यात याबद्दल सरळ लिहिलेलं आहे: लेबल असं हवं, की ड्रम किमान तीन महिने समुद्रात बुडून राहिला तरी त्यावरची माहिती ओळखता यावी. माल तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला दाखवायची अट म्हणून हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं. त्या संध्याकाळनंतर ते मला वेगळं वाटायला लागलं. ज्याने कुणी ते लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर माल उतरवून घेणारा नव्हता. त्याच्यासमोर होता जहाज बुडाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी किनाऱ्यावर उभा असलेला माणूस.

आणि जहाजं बुडतात. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 एकमेकांवर आदळली तेव्हा मी बारावीत होते. चित्रा एका कुशीवर कलली आणि फळीवरून डबे घसरावेत तसे तिच्यावरचे कंटेनर पाण्यात गेले. जहाजावर बाराशेच्या वर कंटेनर होते, त्यांतल्या एकतीसमध्ये धोकादायक माल, त्यात कीटकनाशकंही. काळं तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्याला लागलं, तिवरांच्या मुळांत जाऊन बसलं. मासे खाऊ नका असं सांगितलं गेलं. नारळी पौर्णिमा तोंडावर, होड्या रंगवून तयार, आणि आईच्या पाटीतली खाडीची मासळी कुणी हातात घेईना. त्याआधी महिनाही झाला नव्हता, 14 जुलैला, शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरिनचे जुने सिलिंडर गळून शंभरच्या आसपास माणसं इस्पितळात गेली होती. ते सिलिंडर 1997 पासून तिथे पडून होते.

अगदी अलीकडचं बघा. 25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा 3 बुडाली. 640 कंटेनर, त्यांतल्या बारामध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले जाळतात तोच गॅस. केरळमध्ये किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावं लागलं, की वाहून आलेल्या कंटेनरपासून 200 मीटर लांब राहा, हात लावू नका, 112 ला कळवा. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच 9 जूनला वान हाय 503 ला केरळसमोर आग लागली. ते जहाज कोलंबोहून आमच्याकडेच, न्हावा शेव्यालाच यायला निघालेलं. आमच्या यार्डात त्याच्यावरच्या मालाची वाट बघणारे लोक होते. बावीस खलाशांतले अठरा वाचले, चौघे बेपत्ता झाले. धोकादायक मालाचे कंटेनर शंभराच्या कितीतरी वर होते. त्या आठवड्यात ऑफिसात सगळे माल कधी मिळणार याचे फोन घेत होते, मी मात्र कपाटातून आमचे लेबलांचे रोल काढून एकेक तपासत बसले होते.

तेव्हाच ठरवलं, की पावसाळा संपला की ही लेबलं मी स्वतः समुद्रात ठेवून बघणार.

निळ्या ड्रमच्या प्लास्टिकच्या दोन हात लांब पट्ट्या कापून घेतल्या आणि कंटेनर दुरुस्तीवाल्याकडून रंगवलेल्या पत्र्याचा एक तुकडा मागून आणला. प्रत्येकावर पाच लेबलं लावली. पहिलं क्रोमो कागदाचं. दुसरं हलक्या रोलमधलं, म्हणजे विनाइल फिल्म आणि त्यावर इंकजेटची छपाई. उरलेली तिन्ही भारी रोलमधली, पॉलिएथिलीनच्या फिल्मवर आधीच चित्र छापून येणारी. त्यांच्यावर यूएन नंबर आणि मालाचं नाव घालायचं काम आमचं असतं, म्हणून एकावर ते लेबल प्रिंटरमध्ये रेझिन रिबन (शाईची फीत) घालून छापलं, एकावर साधी वॅक्स रिबन घालून, आणि एकावर परमनंट मार्करने हाताने लिहिलं. मार्करचं वेगळं कारण होतं: घाईच्या दिवशी आमची पोरं तेच करतात.

सगळं मासळीच्या क्रेटमध्ये घालून, वर जाळ्याचा तुकडा शिवून, क्रेट धक्क्याच्या खांबाला बांधलं. ओहोटीला चिखलात टेकायचं, भरतीला दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट, पाण्याखाली जायचं. 12 नोव्हेंबर ते 12 फेब्रुवारी. बाबांनी गाठ स्वतः मारली, माझ्या गाठीवर त्यांचा भरवसा नाही. "एवढ्या चिकट्या कुणासाठी बुडवतेस गं?" म्हणाले. मी म्हटलं, "कॅन बघितलेलात ना बाबा, त्याच्यासाठी." पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

कागदाचं लेबल तिसऱ्या दिवशी भिजलेल्या पोळीसारखं झालं आणि आठवड्यात नाहीसं. त्यावर जास्त लिहीत नाही. जो कुणी निर्यातीच्या ड्रमवर ते लावतो त्याने ते लावू नये.

महिन्याने, मोठ्या ओहोटीला, क्रेट उचलून पाहिलं. हलक्या लेबलातला काळा भाग चॉकलेटी पडला होता, हाताच्या चित्राची बोटं गेली होती, पण आकडा वाचता येत होता. भारी लेबलांवर शेवाळ धरलेलं, अंगठ्याने पुसलं की खाली चित्र जसंच्या तसं. वॅक्सच्या रिबनने छापलेला यूएन नंबर मात्र आताच अर्धा गेला होता. रेझिनचा काळाकुळकुळीत.

12 फेब्रुवारीला शेवटचं काढलं. पट्ट्यांवर बारीक पांढरी शिंपली अशी गच्च बसली होती, की सुरुवातीला लेबल कुठलं आणि प्लास्टिक कुठलं ते कळेना. बाबांनी कोयत्याच्या पाठीने शिंपली खरवडली, मी काथ्याने घासत गेले. भारी लेबल निघालं. एक कोपरा नखभर उचललेला, काळा रंग किंचित राखाडी, बाकी सगळं वाचता येईल असं: दोन्ही नळ्या, हात, आकडा, खाली रेझिनने छापलेला यूएन 1805 आणि फॉस्फोरिक ॲसिडचं नाव. पत्र्यावरचंही तसंच. वॅक्सच्या छपाईचं नाव-निशाण नव्हतं. मार्करने लिहिलेलं फिकट जांभळं झालं होतं, चारपैकी दोन आकडे लागत होते. चारातले दोनच लागले तर तो नंबर शोधून उपयोग नाही.

मग हलकं लेबल निघालं. चौकोन जागेवर, चारही कोपरे घट्ट, भारी लेबलापेक्षाही घट्ट. आणि पूर्ण पांढरा. बाबा कोयता खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हेच होतं."

हलक्या रोलबरोबर छापखाना प्रमाणपत्र देतो आणि ते प्रमाणपत्र खोटं नाही, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. सागरी लेबलांसाठी बीएस 5609 हे ब्रिटिश मानक सगळीकडे चालतं. त्यात एक भाग कोऱ्या फिल्मचा आणि तिच्या डिंकाचा आहे, पुढचा छपाईचा. छापखान्याचा कागद पहिल्या भागाचा होता: फिल्म समुद्रात टिकते. टिकलीच की, मी डोळ्यांनी पाहिली. पण त्या फिल्मवर कुठल्या शाईने, कुठल्या मशिनवर छापलं याबद्दल तो कागद गप्प आहे. अकरा वर्षांत एकाही सर्व्हेअरने मला दुसऱ्या भागाचं प्रमाणपत्र मागितलेलं नाही. मीही त्या दिवसापर्यंत छापखान्याला मागितलं नव्हतं. भारी रोलला दोन्ही भागांचं मिळतं, आणि त्यातही रिबन कुठली वापरायची ते लिहिलेलं असतं. ती रिबन बदलली की प्रमाणपत्र आणि माल यांचा संबंध संपला.

आता रोजच्या वापराबद्दल.

फिल्म मऊ आहे आणि हे चांगलं आहे. प्लास्टिकचा ड्रम उन्हात फुगतो, रात्री आकसतो. कडक विनाइल त्याच्याबरोबर हलत नाही आणि कडेने उचकटतं. हे उचकटत नाही, पण लावण्याची रीत सांभाळली तरच. नव्या ड्रमवर साच्यातला किंचित तेलकटपणा असतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यायला लागतो. पावसाळ्यात तर ड्रमला घाम सुटलेला असतो, कोरडं फडकं दोनदा फिरवल्याशिवाय लेबल लावू नये. मधून बाहेरच्या बाजूला रबरी रोलर फिरवायचा, हाताने थापटायचं नाही. आणि लावल्यावर शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्यायची, डिंक धरायला वेळ लागतो. सकाळी लावून दुपारी स्टफिंग केलेल्या ड्रमांची लेबलं फॉर्कलिफ्टच्या घासण्याने सुटलेली मी पाहिली आहेत, ती याच रोलची होती.

थिनरचं फडकं दहा वेळा फिरवून पाहिलं, छापलेल्या चित्राला काही झालं नाही, रेझिनची अक्षरं जरा पुसट झाली. फॉर्मिक ॲसिडचे थेंब रात्रभर ठेवले, काही नाही.

तक्रारी तीन आहेत आणि पहिली गंभीर आहे. लेबलाच्या पाठीमागच्या कागदाला मधे चीर नाही. रबरी हातमोजे घालून ते सोलता येत नाही. मग पोरं उजव्या हाताचा मोजा काढतात, आणि ॲसिडच्या ड्रमांच्या रांगेत उघड्या हाताने दिवसभर लेबलं लावत फिरतात. मी छापखान्याला तीनदा सांगितलं. डाय (कापायचा साचा) बदलावी लागेल, खर्च आहे, असं उत्तर मिळतं. सध्या मी जेवणाच्या सुट्टीच्या आधी बसून शंभरेक लेबलांची एक कड दुमडून ठेवते. हे माझं काम नाही, पण बाबांचा हात घरी रोज दिसतो.

दुसरी तक्रार लाल रंगाची. समुद्राची परीक्षा संपल्यावर मार्च ते मे मी वेगवेगळ्या वर्गांची लेबलं यार्डाच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. काळं-पांढरं आठ नंबर टिकलं. पिवळं टिकलं. ज्वालाग्राही द्रवाचं लाल मात्र दीड महिन्यात भगवं आणि मेअखेर गुलाबीसर झालं. आकडा 3 आणि ज्वाळा दिसत होती, पण लांबून आधी रंग दिसतो. उघड्या यार्डात पडून राहणाऱ्या मालाला हे चालणार नाही. 14 एप्रिलला आमच्याकडे अग्निशमनाचं ड्रिल होतं, तेव्हा ती लेबलं पत्र्यावरच होती. 1944 मध्ये त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच्याबरोबर कापसाच्या गाठी. आत स्फोटकं आहेत हे सांगणारं लाल निशाण जहाजावर लावलेलं नव्हतं. अग्निशमन दलाची सहासष्ट माणसं त्या दिवशी गेली. ड्रिलला आलेल्या अधिकाऱ्यांना मी ती फिकी लेबलं दाखवली. त्यांनी हातात घेऊन उन्हात धरून पाहिली आणि आपल्या माणसांना बोलावून दाखवली.

तिसरी तक्रार कंटेनरवर लावायच्या मोठ्या, पंचवीस सेंटिमीटरच्या प्लॅकार्डची. फिल्म तीच, छपाई तीच, पण कंटेनरचा पत्रा नालीदार असतो. मऊ फिल्म खोलगट भागावर ताणून बसते, मागे हवा राहते आणि वाऱ्याने तिथेच फाटते. खोलगट भागात दाबत दाबत लावली तर टिकते, पण एका प्लॅकार्डला पाच मिनिटं जातात आणि कंटेनरला चार बाजूंना चार लागतात. प्लॅकार्डसाठी मी अजून चांगला पर्याय शोधतेय. ड्रमच्या लेबलांना जितके गुण देते तितके प्लॅकार्डला देणार नाही.

किमान हजार नगांची मागणी असते. लहान युनिटवाल्यांना ते जड जातं. दोघा-तिघांनी मिळून मागवावं. रोल उभा ठेवावा, जमिनीवर नको. पावसाळ्यात ओल धरून कडा वळतात.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट लिहायची आहे, कारण साडेआठ रुपयांचं लेबल लावलं की काम झालं असं समजणारेही भेटतात. लेबल फक्त तेवढंच सांगतं जेवढं शिपरने आम्हाला सांगितलेलं असतं. एक्स-प्रेस पर्ल या जहाजावर नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळतोय हे जहाजावर माहीत होतं. कतारच्या हमद बंदराला आणि आपल्या हाजिऱ्याला तो उतरवून घ्या म्हणून विचारून झालं होतं, दोन्हीकडे नकार मिळाला. 20 मे 2021 ला कोलंबोबाहेर आग लागली, 2 जूनला जहाज बुडायला लागलं, आणि सोळाशे टनांच्या वर प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. तिथल्या कोळ्यांची होडी किनाऱ्यालाच राहिली. त्या कंटेनरला लेबल कमी पडलं नव्हतं, त्याला पॅकिंग कमी पडल्याचं सांगितलं गेलं. नायट्रिक 55 टक्क्यांच्या वर असेल तर कोड प्लास्टिकच्या ड्रमला पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांचं आयुष्य देतो. म्हणून मी लेबल लावण्याआधी ड्रमवरचा उत्पादनाच्या तारखेचा शिक्का वाचते, आणि जुना निघाला तर ड्रम बाजूला काढते. त्यावरून आमच्याकडे शिपरशी जेवढी भांडणं झाली तेवढी लेबलावरून झाली नसतील.

आणि कधी कधी सगळं नियमाप्रमाणे असूनही होतं. 6 मार्च 2018 ला अरबी समुद्रात मर्स्क होनाम पेटली, पाच खलाशी गेले. संशय होता पाणी शुद्ध करण्याच्या एका क्लोरिनच्या रसायनावर, जे तेव्हाच्या नियमांनी 9 नंबरात, म्हणजे 'इतर धोकादायक' मालाच्या वर्गात बसत होतं. नेमकं कारण तपासातही पक्कं ठरवता आलं नाही. तिथे लेबल बरोबरच होतं आणि तरीही पुरेसं नव्हतं. असा माल आला की मी त्याला सावलीतली जागा मागते. बस, तेवढंच माझ्या हातात आहे.

मागवताना छापखान्याला हे शब्द वापरा: पॉलिएथिलीन फिल्म, बीएस 5609 चे दोन्ही भाग, फिल्मचा आणि छपाईचा, दोन्हींची प्रमाणपत्रं. यूएन नंबर घरी छापणार असाल तर प्रमाणपत्रात लिहिलेलीच रेझिन रिबन. पाठीला चीर मागा. माझं ऐकलं नाही, पण चार जणांनी मागितलं तर डाय बदलतील. पहिल्या रोलमधलं एक लेबल ड्रमच्या तुकड्यावर लावून मिठाच्या पाण्याच्या बादलीत महिनाभर ठेवा. खाडी जवळ नसली तरी चालेल. हलक्याचा रंग मला महिन्यातच उतरलेला दिसला होता.

परीक्षेतून उरलेली लेबलं मी फेकली नाहीत. प्लायवूडच्या फळीवर नऊही वर्गांची एकेक लावली, खाली मराठीत लिहिलं, आणि दादाने ती धक्क्यावर बर्फाच्या दुकानाशेजारी ठोकली. बाबा तिथे उभे राहून पोरांना दाखवतात. निळ्या लेबलापाशी त्यांचं नेहमी अडतं, ओलं झालं की पेटणारा गॅस सोडणाऱ्या मालाचं ते. "पाणी लागलं की पेटतं, आणि समुद्रातून नेतात?" असं ते मला विचारतात आणि मी दरवेळी कार्बाइडचं समजावून सांगते. फळीवर शेवटी एक जागा शिल्लक होती. तिथे मी तो पांढरा चौकोन लावलाय, 12 फेब्रुवारीला क्रेटमधून निघालेला, प्लास्टिकच्या तुकड्यासकट. त्याच्याखाली बाबांनी मला लिहायला लावलं: असं दिसलं तर बूच फिरवू नका.